आत्याबाईंचं जुनं रिव्हॉल्व्हर

आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांची दोन्ही रिव्हॉल्व्हरं पोलीस ठाण्यात जमा होती. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात नेऊन द्यावी लागतात आणि मतदान आटोपलं की ज्याच्या नावावर परवाना, त्यानंच ती परत आणायची. मतदान आटोपलं, पण आत्याबाई यवतमाळच्या दवाखान्यात पडून होत्या. शेवटचं नीट बोलल्या ते एवढंच विचारायला, "माह्या वस्तू गंजल्या असतीन ना वं तिथं?" मी म्हटलं, तुम्ही घरी आल्या की आपण दोघी जाऊन आणू... त्या घरी आल्या नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर ढाणकीजवळच्या मळ्यात लहान मुलाला घेऊन एकटीनं राहायचं म्हणून त्यांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, तेव्हा सारं गाव हसलं होतं. जुनं रिव्हॉल्व्हर त्यांच्या सासऱ्यांचं, विलायती. नवं सरकारी कारखान्यातलं, त्यांनी हौसेनं घेतलेलं. आयुष्यात कुणावर एक गोळी झाडली नाही. नाद होता तो दोन्ही उघडून, पुसून, तेल देऊन त्यांची तुलना करत बसायचा. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर जुनं धोतर अंथरायच्या आणि मला हाक मारायच्या. "हे पाह्य, जुन्याले कंबरेत मोडलं का पोटातल्या साऱ्या गोळ्या एकदम बाहेर फेकते. नव्याचं फक्त पोट बाजूले सरकते." नवं हातातून पडलं तरी आपोआप उडत नाही, हे त्या मोकळेपणी मान्य करायच्या. जुन्याचा तसा भरवसा नाही म्हणून घोड्याखालचं गोळीचं घर कायम रिकामं ठेवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. "मग नवंच चांगलं," मी एकदा म्हटलं, तर भडकल्या. "चांगलं आहे म्हणूनच त्याले कोणीबी सांभाळीन. याले कोण सांभाळीन?" मग जरा थांबून, "तू सांभाळशीन. दिलीपले सांगून ठेवीन मी." दिलीप म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. आणि त्यांनी सांगितलंही, माझ्यासमोर.

तेरवी झाल्यावर मी विषय काढला. वारस म्हणून सुनेच्या नावावरही परवाना होऊ शकतो, असं ठाण्यातच कळलं होतं. फक्त मुलाची हरकत नको. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुले कायले पाहिजे बंदूक? लोक हसतीन." ज्या बाईच्या जिवावर हे लहानाचे मोठे झाले, तिचाच मुलगा हे बोलत होता. पुढे कळलं की बंदुकीला ह्यांची हरकत नव्हतीच. नव्यासाठी ह्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला होता आणि जुनं नको म्हणून लिहून दिलं होतं. "जुनाट माल तो, त्याच्या गोळ्याबी भेटत नाही." वारसानं नको म्हटलेलं हत्यार सरकार तोडून टाकतं. तोडलं. मला सांगितलं ते नंतर, जेवता जेवता. मी आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाही... ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आता वर्ष होत आलं, लोक म्हणतात, विसर आता. का विसरू?

यंदा दसऱ्याला पाटावर नवं एकटंच होतं. पूजेआधी आत्याबाई हत्यार उघडून आतून पुसून घ्यायच्या. ह्यांनाही पाहुण्यांसमोर तसंच करायचं होतं. इकडून दाबलं, तिकडून ओढलं, उलटं धरून जोर लावला. उघडेना. पाहुणे बघत होते. शेवटी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते उघडायची खिटी डाव्या अंगाला असते, अंगठ्यानं ढकलायची असते. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले.