न हलणारी पिवळी गाडी

उत्तरेश्वरने फक्त एक बोट लावलं होतं. पुढे कोथरूडच्या त्या सोसायटीत "धायरीच्या मुलाने गाडी फेकली" अशी गोष्ट पसरली, पण खरं तेवढंच होतं: एक बोट, तेही नख कापलेलं.

समोर सोसायटीचं टेबल-टेनिसचं टेबल होतं, जाळी काढून ठेवलेलं. त्यावर पाच गाड्या हारीने मांडलेल्या. सगळ्या स्पोर्ट्स कार, सगळ्या लहान मुलांच्या जुळवायच्या ठोकळ्यांच्या, आणि सगळ्यांचे मालक मिशा-चष्मेवाले बाप्ये. मधली पिवळी गाडी चांगली हातभर लांब. गाडी दिसली की मागून ढकलायची, ही उत्तरेश्वरला परांड्याच्या बसस्टँडवर लहानपणीच लागलेली सवय. त्याने ढकलली. गाडी हलेना. चाकं जाम झाली असतील म्हणून त्याने जरासा जोर लावला. तेव्हा गाडी चाकं न फिरवता तशीच घसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेली, आणि कडेच्या पुढे टेबल नव्हतं.

डबाभर फुटाणे फरशीवर ओतल्यासारखा आवाज झाला. पिवळ्या गाडीचे मालक श्रीधर मेहेंदळे यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उत्तरेश्वरकडे पाहिलं.

"आपण कुठले?"

"परांड्याचा. म्हणजे आता धायरीला राहतो."

"परांड्याला गाड्या ढकलूनच चालू करतात वाटतं."

"पावसाळ्यात करावं लागतं, काका," उत्तरेश्वर म्हणाला. त्याने खरं तेच सांगितलं होतं. बाकीचे हसले आणि मेहेंदळे हसले नाहीत, त्यामुळे उत्तर चुकलं हे त्याच्या लक्षात आलं.

त्याला इथे आणलं होतं केयूरने. केयूर हिंजवडीच्या ऑफिसात त्याचा टीम लीड. उत्तरेश्वरने पहिल्या बोनसमधून एक छोटी हिरवी रेसिंग कार घेऊन जुळवली, तिचा फोटो केयूरला दाखवला, तेव्हा केयूर म्हणाला होता, "अरे, हे बेबी स्टफ आहे यार! रविवारी चल, तुला सीरियस लोक दाखवतो."

सीरियस लोक दर पंधरवड्याच्या रविवारी सकाळी जमत. पिवळा रंग मूळ इटालियन गाडीपेक्षा अर्धी छटा फिका आहे का, दार उघडताना वर किती अंशात जावं, सस्पेन्शन जरा मऊ नाही का, यावर चहा गार होईपर्यंत बोलत. खऱ्या गाडीचं पंक्चर झालं तर यातल्या चौघांना माणूस बोलवावा लागे. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगावर तासभर वाद घालून मंडळी कर्वे रस्त्याने ताशी दहाच्या वेगाने घरी जात. उत्तरेश्वरला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं होतं, की आपल्या गावात असली माणसं नाहीत, आणि गावाबद्दल बऱ्याच दिवसांनी त्याला थोडा अभिमान वाटला होता.

आता मात्र तो त्यांच्याच टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत ठोकळे गोळा करत होता. गाडीचे शेकडो तुकडे झाले होते. दारं, टप, आसनं, इंजिनातले दट्टे, सगळं सुटं. नाही म्हणायला एकच गोष्ट अखंड होती. टेबलाच्या पायामागे मुठीएवढा एक गोळा पडला होता. गिअरबॉक्स. या गाड्यांचं सगळं कौतुक त्याच्यात असतं: आत दातेरी चाकं असतात, बाहेरची दांडी फिरवली की एकेक गिअर बदलतो, मागची चाकं फिरली की इंजिनातले दट्टे वरखाली होतात. उत्तरेश्वरने दांडी फिरवून पाहिली. फिरेना. त्याने गोळा उजेडाकडे धरला. दातांच्या फटींत, सांध्यांवर, सगळीकडे एक काचेसारखा थर वाळून बसला होता.

गोंद होता तो. दोन बोटं कायमची एकमेकांना चिकटवतो, त्या जातीचा.

हे किती मोठं पाप आहे ते समजायला श्रीधर मेहेंदळे कोण हे समजलं पाहिजे. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग बोर्डावर गाड्यांचे सुटे भाग काढत. गाडी नव्हे, भाग. आयुष्यभर त्यांनी मुख्यतः एका टेम्पोच्या मडगार्डाची चित्रं काढली. पुढे नवी धोरणं आली, परदेशी भागीदार आला, भागीदाराबरोबर कॉम्प्युटर आले, आणि बोर्डावरच्या लोकांना हार-नारळ देऊन स्वेच्छेने घरी पाठवण्यात आलं. मेहेंदळेही स्वेच्छेने गेले. मुलीने अमेरिकेतून पहिला सेट पाठवला तो खरं म्हणजे सुट्टीला इकडे आलेल्या नातवासाठी. नातू तीन दिवसांनी परत गेला, सेट राहिला. त्यानंतर मेहेंदळ्यांनी मडगार्डावर जन्मभर केलेली किरकिर ठोकळ्यांवर सुरू केली. हा क्लब त्यांनी काढला आणि त्याचे नियम केले. स्वतः अजून जुन्या स्कूटरवर फिरत, पण स्पोर्ट्स कारबद्दल शेवटचा शब्द त्यांचा.

त्या शब्दांतला सगळ्यांत कडक शब्द गोंदाबद्दलचा. जुळवलेली गाडी पुन्हा उकलता आली पाहिजे, नाहीतर ती जुळवलेली नव्हे. कसबा पेठेतले दशरथराव, बँकेतले, गरीब स्वभावाचे, त्यांनी एकदा गाडीचा बाजूचा आरसा चिकटवला. नात सारखी उपटायची म्हणून. मेहेंदळ्यांनी सगळ्यांसमोर तो आरसा ओढून पाहिला आणि म्हणाले, "दशरथराव, आपण पेठेतच शाडूचे गणपती करा. तिथे चिकटवलं की पूजा होते." दशरथराव पुन्हा आले नाहीत. ही गोष्ट उत्तरेश्वरला केयूरने येतानाच मोठ्या चवीने सांगितली होती.

आणि आता तो गोंदाचा गोळा त्याच्या हातात होता. गाडी ढकलल्यावर हलली का नाही, हेही त्याला लख्ख कळलं. पिवळ्या गाडीपुढे "बघणे म्हणजे डोळ्यांनी" असं पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, ते का, तेही. त्याने वर पाहिलं. टेबलाच्या कडेवरून मेहेंदळ्यांचा चेहरा खाली बघत होता. दोघांची नजर गोळ्यावर मिळाली. उत्तरेश्वरने गोळा खिशात टाकला.

"राहू द्या," मेहेंदळे घाईघाईने म्हणाले. "मी घरी नेऊन जुळवीन."

"असं कसं, काका?" केयूर म्हणाला. "नियम तुमचाच. ज्याने पाडली त्याने पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर जुळवायची, मालकाने शेजारी बसायचं. माझी पाडली होती तेव्हा मी मालक म्हणून बसलो, तर तुम्ही मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नव्हतं."

मेहेंदळ्यांना बोलायला जागा उरली नाही. हे पुण्यात क्वचित होतं.

घरी आल्यावर उत्तरेश्वरने गोळा रूममेट शंभूला दाखवला. शंभू बार्शीचा. त्याने सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, मग फोटू टाक की त्यांच्या ग्रूपवर! बघतोस काय?"

उत्तरेश्वरने फोटो काढलाही. पण ग्रूपवर टाकला तर मजा एका मिनिटात संपेल, असं त्याला वाटलं. कोथरूडच्या माणसाला आपल्यासमोर अवघडून बसलेलं बघायची संधी परांड्याच्या माणसाला पुन्हा कधी येणार? म्हणून बुधवारी ऑफिसातून सुटल्यावर तो सरळ मेहेंदळ्यांच्या दारात उभा राहिला.

दार श्यामलाबाईंनी उघडलं. "गाडी पाडणारे आपणच का?"

"हो, काकू. सॉरी."

"सॉरी कसलं? या. गाडी ठेवतात ते शोकेस मी काचेच्या भांड्यांसाठी घेतलं होतं."

मेहेंदळे बाहेरच्या खोलीत बसले होते. पुढ्यात ठोकळे रंगवार लावलेले, बुकलेट उघडं. उत्तरेश्वरने खिशातून गोळा काढून त्यावर ठेवला.

"हे काय आहे?" मेहेंदळ्यांनी विचारलं.

"गिअरबॉक्स."

"कुणाचा?"

"तुमचाच असणार, काका. इतका मजबूत दुसऱ्या कुणाचा नाही."

आतून श्यामलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला आणि मग भांडं आपटल्याचा, हसणं झाकायला. मेहेंदळ्यांनी गोळा उचलला, उलटासुलटा केला.

"एका ठिकाणी करडी पिन घालायची होती," ते शेवटी म्हणाले. "करडी सैल असते, तिच्यावर चाक फिरतं. मी काळी घातली. काळी घट्ट धरते. गिअर अडकायचा, जोर लावला की चौकट उघडायची. हे लक्षात आलं तेव्हा वरची अख्खी गाडी झाली होती. मग वरूनच गोंद सोडला."

"मग उकलायची."

"पहिल्या पानापासून?" मेहेंदळ्यांच्या आवाजात पहिल्यांदाच तक्रारीचा सूर आला. "रविवारी सगळे बघायला येणार होते. मी सांगून बसलो होतो, आठही गिअर पडतात म्हणून."

म्हणजे ना गरिबी, ना आजार, ना कुठलं दुःख. नुसता आळस, आणि त्यावर पॉलिश केलेली फुशारकी. उत्तरेश्वरला मनापासून तुच्छता वाटली, आणि ती वाटून घ्यायला फार बरंही वाटलं. ऑफिसात टेस्टिंग न करता "टेस्टेड" लिहिणाऱ्यांबद्दल वाटायची तशीच. फरक एवढाच, की तिथे त्या लोकांना प्रमोशन मिळायचं.

"रविवारी मी येणार नाही," मेहेंदळे म्हणाले. "तब्येतीचं कळवतो. पुढच्याही नाही. क्लब केयूर चालवेल."

"मग रविवारी सकाळी घरात करणार काय?" श्यामलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "मला नको हं दिवसभर इथे माझ्या फोडणीचा रंग फिका आहे म्हणून सांगणारं कुणी."

त्या सहज बोलल्या, पण मेहेंदळ्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. उत्तरेश्वरच्या लक्षात आलं, की या माणसाचं ऐकून घेणारी चारच माणसं जगात उरली आहेत, आणि ती रविवारी टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती उभी असतात. आता फोटो टाकायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी काम होणार होतं.

त्याने चहा संपवला. कप अर्धाच भरलेला असल्याने लवकर संपला.

"माझ्या हिरव्या गाडीत हीच दातेरी चाकं आहेत," तो म्हणाला. "करड्या पिनासुद्धा. छोटा सेट आहे, पण गिअरचे पार्ट सेम. उकलून आणतो. तुमचे मागवलेत की परत द्या."

मेहेंदळ्यांनी मान वर केली. आभार मानतील असं एक क्षण वाटलं. "पार्ट ओरिजिनल आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. पण एक करायचं. दशरथरावांना फोन करून बोलवायचं."

"त्यांनी आरसा चिकटवला होता."

उत्तरेश्वरने गोळ्याकडे पाहिलं. मेहेंदळ्यांनी फोन ओढला आणि जन्मात पहिल्यांदा माफीच्या जवळपास पोहोचणारं वाक्य उच्चारलं: "दशरथराव, रविवारी या. गोंद घरी ठेवून या."

दशरथराव आले नाहीत. रविवारी सकाळी आता छान झोप लागते, असं त्यांनी कळवलं.

जुळणी मात्र झाली. त्या सकाळी उत्तरेश्वर खुर्चीवर, शेजारी मेहेंदळे, भोवती मंडळी. मेहेंदळ्यांनी त्याला एक ठोकळा सुखाने बसवू दिला नाही. "अंगठ्याने दाबा, तळव्याने नको. भाकरी थापत नाही आहात." गिअरबॉक्सचं पान आल्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथे लोक हमखास काळी पिन घालतात. घाई असते ना. इथे करडीच हवी." उत्तरेश्वरने करडी घातली. त्याची स्वतःची.

दुपारी जेवायच्या वेळेला गाडी उभी राहिली. मेहेंदळ्यांनी दांडी फिरवली. एकेक करत आठही गिअर पडले. मग त्यांनी पुठ्ठ्याची पाटी स्वतःच्या हाताने बाजूला केली.

"आता ढकला," ते उत्तरेश्वरला म्हणाले.

त्याने बोट लावलं. गाडी टेबलावरून निघाली, इंजिनातले दट्टे टकटकले, आणि पलीकडच्या टोकाला केयूरने ती झेलली. "काका, क्या बात है! आधी पण अशीच पळायची?"

"मूळ बांधणी पक्की असली, की पुन्हा जुळवणारा कुणीही असला तरी चालतं," मेहेंदळे म्हणाले.

उत्तरेश्वरने ते ऐकून घेतलं आणि गाडी परत जागेवर नेऊन ठेवली. शंभूने नंतर त्याला यावरून पुरता आठवडाभर शिव्या घातल्या.

पार्ट परत आले ते सावकाश आणि हप्त्याने. पिना आल्या, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून. एक मीटिंग सोडून दोन चाकं आली. तिसरं, सोळा दातांचं, यायचं होतं. "येतंय," मेहेंदळे म्हणत. पुढे तेही म्हणेनासे झाले. मधल्या काळात उत्तरेश्वर क्लबात रुळला, दारं किती अंशात वर जावीत यावर त्याचंही मत झालं, आणि परांड्याला फोनवर बोलताना तो ते आईपासून लपवू लागला.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला त्याने आपली हिरवी गाडी पहिल्यांदा टेबलावर मांडली. मेहेंदळ्यांनी ती उचलली, कानाशी नेऊन मागचं चाक फिरवलं, आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"ह्यात सोळा दातांचं एक चाक कमी आहे. अपुरी गाडी मांडू नये, असा आपल्याकडे नियम आहे."

"माहीत आहे, काका. एकाला दिलंय ते."

"मग मागून घ्यावं," मेहेंदळे गाडी खाली ठेवत म्हणाले. "हल्ली लोक वस्तू परत करत नाहीत."