सव्वा व्होल्टचा सेल

“मॅडम, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की बिघाड ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे झालाय,” साळवी म्हणाले.

मी तोपर्यंत खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

विश्रांतवाडीतलं हे एक क्लिनिक. लहान मुलांना नीट ऐकू येतं का, याची तपासणी तिथे होते. साळवी तिथले व्यवस्थापक. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यापासून सव्वीस वर्षं हेच करते. तरी दारात साळवींनी मला विचारलं होतं, “इंजिनिअर कधीपर्यंत पोचतायत?” मी म्हटलं होतं, “पोचल्या.”

“काय बिघडलंय ते बघितल्याशिवाय कोणामुळे बिघडलं ते कसं लिहू?” मी विचारलं.

“बघण्यासारखं काही नाही हो त्यात. काल एकजण बघून गेलाय. विंडोज उडालंय म्हणाला. दुपारी येऊन फॉरमॅट मारेल. तुमच्याकडून मला रिपोर्ट हवाय, लेटरहेडवर. त्याच्याकडे लेटरहेड नाहीये.”

फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क पुसून कोरी करणे आणि सगळं नव्याने भरणे. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात आळशी औषध. कधीकधी ते लागतं, नाही असं नाही. पण पाच मिनिटांत कोणी हा शब्द उच्चारला, तर त्याने आत काहीही बघितलेलं नसतं.

“आणि आतला डेटा? बॅकअप आहे?”

“बॅकअप नाही. तेच तर. अकरा वर्षांचे रिपोर्ट गेले. ते सगळं मेमोमध्ये येईल तिच्या. मग नोकरीही जाईल.”

ती म्हणजे संगीता. रिसेप्शनच्या मागच्या स्टुलावर बसली होती, कारण तिच्या खुर्चीवर साळवी बसले होते. चाळिशीची बाई. मूळची वाशीमची, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलेली. क्लिनिक सुरू झालं तेव्हापासून या डेस्कवर. अपॉइंटमेंट देणं, तपासणीचे आलेख काढून देणं, फाईल लावणं, सगळं तिच्याकडे.

“बहिणीच्या लग्नाला आठ दिवस सुट्टी मागत होती,” साळवी मला सांगू लागले. आवाज कमी करायची तसदी त्यांनी घेतली नाही. “मी नाही म्हटलं. शुक्रवारी वाद घातला. मग तीन दिवस सुट्ट्या होत्या. मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर बंद. आता तुम्हीच बघा.”

“मी कायले करू असं?” संगीता म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढूनही घाबरली की तिची बोली वर यायची. “मी नेहमीसारखाच बंद करून गेले होते, मॅडम.”

“साळवी, ही खुर्ची मला लागेल,” मी म्हटलं. ते उठले.

मी आधी काहीच केलं नाही. कॉम्प्युटर चालू केला आणि बघत बसले. पंखा फिरला. कंपनीचं चिन्ह आलं. त्याखाली ठिपके गोल फिरायला लागले. मग क्षणभर निळा पडदा आला आणि सगळं बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्या निळ्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचला. सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क हाती लागत नाहीये, असं त्यात लिहिलं होतं.

हे वाचायला एक मिनिट लागतं. काल आलेल्याने ते घालवलं नव्हतं.

“ही तक्रार कसली आहे, सांगू?” मी साळवींना म्हटलं. “विंडोज उठलंय. अर्ध्या वाटेपर्यंत आलंय. आणि पुढचं सामान ज्या कपाटात आहे, ते कपाट त्याला उघडत नाहीये. आता कपाट मोडलंय, की किल्ली चुकलीये, ते बघायला हवं.”

“म्हणजे डिस्क गेली.”

“मी असं म्हटलं का?”

तेवढ्यात आतल्या खोलीतून मेधा मॅडम आल्या. त्या इथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ. क्लिनिक त्यांचंच. त्यांच्यामागे एक तरुण आई होती, कडेवर साडेचार वर्षांची मुलगी. मुलीच्या दोन्ही कानांत यंत्रं. आई हिंजवडीत नोकरी करते, रजा काढून आली होती.

“ईश्वरीचे जुने आलेख मिळतील का हो?” मेधा मॅडमनी विचारलं. “उद्या सकाळी तिला सर्जनना दाखवायचंय. ऐकणं एकदम कमी झालंय की हळूहळू, हे त्यांना बघायचंय. यांची फाईल घर बदलताना हरवली.”

साळवी म्हणाले, “मॅडम, ते आता विसरा. दुपारी फॉरमॅट होणार आहे.”

 त्या आईने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला मात्र राहवलं नाही.

“कोणी काहीही फॉरमॅट करणार नाहीये,” मी म्हटलं. “मला अर्धा तास द्या. आणि साळवी, त्या माणसाला फोन करून सांगा, येऊ नको.”

“पण रिपोर्ट...”

“फोन करा.”

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. डिस्क काढली आणि एका अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली. आजारी कॉम्प्युटरशी खेळण्याआधी डेटा बाहेर काढायचा, हा माझा नियम. डिस्क लगेच दिसली. तपासणीच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर होता. त्यात मुलांच्या नावांचे फोल्डर, आडनावाप्रमाणे, प्रत्येकाला नंबर. इतकी नीट लावलेली फाईल मी मोठ्या ऑफिसांतही क्वचित बघितली आहे. सगळं माझ्या मोकळ्या डिस्कवर कॉपी करायला लावलं.

“आहे?” संगीताने विचारलं.

“आहे. सगळं आहे.”

तिने पदराने चेहरा पुसला. साळवी मोबाइलमध्ये बघत होते.

म्हणजे कपाट शाबूत होतं. कॉपी पूर्ण झाल्यावर डिस्क परत जागेवर बसवली, केबल बदलून बघितली. फरक नाही. मग बायोसमध्ये गेले. बायोस म्हणजे विंडोज उठायच्या आधी जो छोटा प्रोग्राम उठतो तो. कॉम्प्युटरला काय काय जोडलंय, डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, आज तारीख काय, हे त्याला ठाऊक असतं. तिथे पहिल्याच ओळीत तारीख होती. सात वर्षांपूर्वीची, एक जानेवारी.

पुढचं मला तिथेच कळलं. तरी मल्टिमीटर काढला. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तीन व्होल्टचा. कॉम्प्युटरची वीज तोडली, की बायोसच्या आठवणी या सेलवर जगतात. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर सेल मेला तरी काही कळत नाही. मी सेल मोजला. सव्वा व्होल्ट.

“किती वेळ वीज बंद होती याची?” मी विचारलं.

“शुक्रवार संध्याकाळपासून मंगळवारपर्यंत,” संगीता म्हणाली. “मेन स्विच बंद करून गेले. पाटी लावलीये ना.”

मी वर बघितलं. मेन स्विचच्या वर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद होता. ‘घरी जाताना मेन स्विच बंद करणे सक्तीचे आहे. हुकुमावरून, व्यवस्थापक.’ खाली साळवींची सही.

“ही पाटी कधीपासून?”

“महिना झाला,” साळवी म्हणाले. “शॉर्टसर्किटच्या बातम्या येतात ना.”

“चांगलंय. सुरक्षिततेसाठी योग्यच आहे.” मी सेल काढून टेबलावर ठेवला. “हा सेल मरायला टेकला होता. एका रात्रीपुरता कसाबसा तग धरायचा. सलग तीन दिवस वीज नसल्यावर त्याने मान टाकली. बायोस सगळं विसरून कारखान्यातून आला तसा झाला. डिस्कशी बोलायची पद्धतही बदलली. विंडोजला ती पद्धत ठाऊक नाही. म्हणून कपाट उघडेना.”

“म्हणजे तिने स्विच बंद केला म्हणूनच झालं ना?” साळवी म्हणाले.

मी सव्वीस वर्षांत बरीच माणसं बघितली आहेत. पण आपल्याच सहीच्या पाटीखाली उभं राहून हे वाक्य बोलणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

“सर, मी सांगितलं होतं तुम्हाला,” संगीता म्हणाली. ती स्टुलावरून उठून पुढे आली. “पंधरा दिवसांपासून घड्याळ मागं पडत होतं. रिपोर्टवर चुकीची तारीख छापून यायची. मी रोज सकाळी आल्यावर तारीख दुरुस्त करायची, मगच कामाला लागायची. तुम्हाला व्हॉट्सॲप केलं होतं.”

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘सर, कॉम्प्युटर तारीख चुकीची दाखवतो. कोणाला तरी बोलवा.’ खाली साळवींचं उत्तर होतं. एक अंगठा.

चार दिवसांनी पुन्हा तोच मेसेज. पुन्हा अंगठा.

मेधा मॅडमनीही ते वाचलं.  मग मान वर करून साळवींकडे बघितलं.

मी नवा सेल घातला. तारीख लावली. डिस्कची पद्धत पहिल्यासारखी केली, सेव्ह केलं. ठिपके गोल फिरले. निळा पडदा आला नाही. विंडोज उघडलं. मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, “संगीताताई, बसा.”

तिने ईश्वरीचा फोल्डर दहा सेकंदांत काढला. दोन वर्षांचे पाच आलेख. मेधा मॅडमनी ते ओळीने लावून बघितले. डाव्या कानाची रेघ दर वेळी थोडीथोडी खाली आली होती. “हळूहळू आहे,” त्या ईश्वरीच्या आईला म्हणाल्या. “हेच सर्जनना हवं होतं. प्रिंट घेऊन जा.” आईने प्रिंट हातात घेतले, मुलीला खाली उतरवलं आणि तिथेच बाकावर बसून रडली.

मी रिपोर्ट लिहिला. लेटरहेडवर, साळवींना हवा होता तसा. ‘मदरबोर्डवरील सेल निकामी. लक्षणे पंधरा दिवस आधी दिसत होती. ऑपरेटरने व्यवस्थापनास दोनदा लेखी कळवले. कार्यवाही झाली नाही. ऑपरेटरची चूक आढळत नाही.’

साळवींनी तो वाचला. “एवढं सविस्तर कशाला? किरकोळ टेक्निकल प्रॉब्लेम होता, एवढं पुरे.”

माझं डोकं फिरलं ते इथे. सकाळी दोष संगीताचा होता, तेव्हा अकरा वर्षांचा डेटा गेला होता, मेमो तयार होता, नोकरी जाणार होती. दुपारी दोष त्यांच्याकडे सरकला आणि प्रकरण किरकोळ झालं.

“मेमो कुठे आहे?” मी विचारलं.

“तो आता देणारच नाहीये ना.”

“मग तिला तसं सांगा. तिच्यासमोर.”

“त्यात सांगायचं काय? कळलंच आहे तिला.”

माफी कोणी मागितली नाही. मेधा मॅडमनी आतून चहा पाठवला आणि संगीताची सुट्टी मंजूर केली. मी बाहेरची एक डिस्क जोडून रोजचा बॅकअप लावून दिला आणि निघाले.

संगीता लग्नाला जाऊन आली आणि दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. आता हडपसरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणी बघते. लांब पडतं, पण बरं आहे म्हणाली.

तिने नोकरी सोडल्यावर तीन आठवड्यांनी मला साळवींचा फोन आला होता. कॉम्प्युटर उत्तम चालू होता. बॅकअप रोज होत होता. पण एकाच नावाच्या तीन मुली निघाल्या होत्या, आणि फोल्डरवरच्या नंबरांचा अर्थ संगीताच्या जागी आलेल्या नव्या मुलीला लागत नव्हता. कुठल्या मुलाची फाईल कुठे, ते कोणालाच सापडत नव्हतं.

“मॅडम, संगीताचा नवा नंबर असेल ना तुमच्याकडे?”

“आहे,” मी म्हटलं. “तिला विचारते. हो म्हणाली तर देते.”

ती नाही म्हणाली. मी साळवींना तसं कळवलं. डिस्कचा बॅकअप घेता येतो, तो घ्यावाच. अकरा वर्षं डेस्कवर बसलेल्या बाईचा घेता येत नाही, हे व्यवस्थापकांनी लिहून ठेवावं. पाटी करून लावली तरी चालेल.