सातानं गुणलेला नंबर

मी केंदूरचा. शाळा तिसरीपर्यंत. पण दौंडच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांवरचे नंबर वहीत उतरवायचं काम मी केलं आणि एकही नंबर कधी चुकवला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक हसतात.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास एका डब्यावर १४२८५७ असा नंबर बघितला. गाडीला सिग्नल मिळेना, म्हणून बसल्या बसल्या त्याची दुप्पट केली. आली २८५७१४. तेच सहा आकडे, रांगही तीच, फक्त सुरुवात दुसरीकडून. तिप्पट केली, ४२८५७१. परत तेच! चारपट, पाचपट, सहापट, त्या सहा आकड्यांच्या घरातनं कुणी बाहेर जाईना. सहापट मांडून झाली आन् गाडी हलली. मी ठरवून टाकलं, ह्याला कशानंही गुणा, हेच आकडे येणार. कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

पुढं खुटबावला मुलगी बघायला गेलो. मुलगी आठवीपर्यंत शिकलेली. तिच्या वडलांनी सांगितलं, "आमचं मेव्हणं मास्तर हायत. ते व्हय म्हनलं तर व्हय." मला तर मुलगी बघताक्षणी पसंत पडली होती. पोहे खात शेजारी बसलेल्या मास्तरांकडं बघितलं.

मास्तर म्हणाले, "पाव्हणं, शिक्षण लई कमी पडतंय."

"पाटी आणा मास्तर. एक आकडा देतो. म्हनाल त्यानं गुणतो, तोंडी."

पाटी आली. मी आकडा सांगितला.

"पाच?"

"सात लाख चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी."

मास्तरांनी गुणून बघितलं. तेच आलं. मग "दोन?" मी सांगितलं, त्यांनी ते पहिल्याच्या खालीच मांडून बघितलं. तेही बरोबर. मास्तरांनी चष्मा पुसला. मी मांडी ऐसपैस केली.

"सात?"

मी आकडे मनात फिरवले. एकानं सुरुवात झालेली, दोननं झालेली, चार, पाच, सात, आठ, सगळ्यांनी झालेली. सातव्या खेपेला जागाच उरली नव्हती.

"ह्या आकड्याला सातानं गुणत न्हाईत," मी म्हणालो.

"कोण म्हनतं?"

"यार्डात तसंच हाय."

मास्तर हसून हसून खोकायला लागले. वडील जमिनीकडं बघायला लागले. माझं लग्न तिथंच मोडल्यात जमा होतं.

मुलगी पोह्यांच्या ताटल्या उचलत होती. पाटीकडं बघून म्हणाली, "मामा, पाच आन् दोन सात. वरखाली मांडलंच हाय तुम्ही. बेरीज करा, सगळे नऊ येत्यात."

मास्तरांनी केली. ९९९९९९.

"अगं, पण ह्यांना कुठं आलं?"

"सहापर्यंत येतंय की त्यांना. सातवं मी बघीन."

वडलांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी पाटी पालथी ठेवली. "व्हय म्हना," ते म्हणाले.

जरा थांबले असते, तर नऊ मीही सांगणार होतो. घरात हे कुणी मानत नाही.