कृपेच्या परीक्षेत नापास

माझ्या बापाने मला नापास केलं ते गणितात नाही, कृपेत.

आमच्या अकोल्याच्या चर्चमध्ये पोरं पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यांना प्रभुभोजनात घेत, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घ्यायची मोकळीक मिळे. त्याआधी तोंडी परीक्षा. बाबा शाळामास्तर, शिवाय मंडळीतले पंच, त्यामुळे ती परीक्षा वर्षानुवर्षं त्यांचीच. बाकीचे प्रश्न इकडेतिकडे झाले तरी चालत. एक मात्र शब्दन् शब्द यावा लागे: विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणजे काय? उत्तर चांगलं चार ओळींचं होतं. सार एवढंच, की माणूस स्वतःच्या कर्तबगारीवर देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्तावर भरवसा ठेवला की देव त्याला फुकट, निव्वळ कृपेने, आपला म्हणतो.

मी तिसऱ्या ओळीत अडखळले. "पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले, आणि कागदावरून नजरही वर केली नाही. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, "जाऊ द्या मास्तर, पोरीला अर्थ कळलाय" असं म्हणून पाहिलं. मास्तर कुठले ऐकतात! आईने माझ्यासाठी पांढरी साडी आणून तिला फॉलही लावून ठेवला होता. ईस्टरला माझ्यासोबतच्या सगळ्या पोरी पांढऱ्या साड्यांत पुढे गेल्या आणि मी नाताळचा जुना फ्रॉक घालून बाकावर बसले. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी परीक्षा कशी काय असते, आणि तिच्यात नापास कसं होतात, हे माझ्याशिवाय कुणालाच खटकलं नाही.

पुढल्या वर्षी पोपटपंची केली, पास झाले, एकदा भाकर घेतली. चवच लागली नाही. लग्न होऊन अमरावतीला आल्यावरही चर्चला जात राहिले, पण प्रभुभोजनाचं ताट बाकावरून सरकत आलं की तसंच पुढे देत राहिले. तीस वर्षं. नवरा सुरुवातीला विचारायचा, मग त्यानेही नाद सोडला. राग धरण्यात मी वऱ्हाडात पहिला नंबर काढीन. आणि पोटासाठी काय करते, तर कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते आणि दर रविवारी दुपारी टेस्टचे पेपर तपासते. बापाचीच लेक.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. मागच्या वर्षापासून त्यांची आठवण जाऊ लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग गाव. अमरावतीच्या गॅलरीत बसून "अकोल्यात लय ऊन हाये आज" म्हणत. ते तरी काही चूक नव्हतं. चर्चला नेणं जमेना, तेव्हा आमचे हल्लीचे पाळक, वयाने माझ्या मुलाएवढे, प्रभुभोजन घेऊन घरीच आले.

बाबांच्या पलंगाशी स्टुलावर पांढरा रुमाल, ताटलीत पावाचे तुकडे, छोटे पेले. प्रार्थना झाली. पाळकांनी तुकडा पुढे केला तर बाबांनी हात मागे घेतला.

"आदी प्रश्न इचारा."

"कोणता प्रश्न, आजोबा?"

"बिना परीक्षेचं कोणालेच देत नाई आमी."

"तुम्हाला कसली परीक्षा?" पाळक हसून म्हणाले. बाबा चिडले. मीही समजावून पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इचार."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी ताठ उभी राहिले आणि त्यांच्याच मास्तरी आवाजात विचारलं, "विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणजे काय?"

"विश्वासाने..." बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "विश्वासाने..." पहिली ओळही येईना. चष्मा शोधताना चाचपडतात तसे हात उशीपाशी चाचपडू लागले. मग माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

"येत नाई वं मले. आता कसं? देव घेईल का नाई मले?"

जन्मभर दुसऱ्यांना कृपा शिकवणारा माणूस विचारत होता, चार ओळी विसरल्या तर आपल्याला बाहेर बसवतील का. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण ते मनातही धड म्हणता येईना. मला त्यांची फार दया आली, आणि इतकी वर्षं असा दिवस यावा म्हणून वाट पाहिली याची लाज वाटली.

"थांबा बाबा, मी सांगते," मी म्हटलं. "विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणजे, माणूस आपल्या..." दोन ओळी झाल्या आणि अडखळले. पुन्हा तिसऱ्याच ओळीत. माय वं! साडीच्या फॉलसकट सगळा राग जपून ठेवला होता, उत्तर तेवढं गेलं होतं.

पाळक काही बोलणार तर बाबांनी त्यांना हातानेच थांबवलं. माझा चेहरा निरखून पाहिला.

"तुलेबी येत नाई?"

"नाही, बाबा."

"म्हंजे दोघंई नापास."

"हो."

मग ताटलीतला एक तुकडा उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"घे," म्हणाले. "अन् मलेबी दे."