व्याह्यांची उलटी वकिली

साऱ्या जगाची भांडणं एकट्याच्या हवाली केली, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटवून हात धुऊन मोकळा होईल असा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. सेनगावच्या पुढं, जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत पोचावं लागतं अशा गावी माझी लेक दिली, आणि तिचे सासरे तिथल्याच प्राथमिक शाळेचे गुरुजी. गावातली आणि शेजारच्या तांड्यावरची लेकरं एका वर्गात, आणि गुरुजी त्यांना गणिताच्या आधी शिकवत काय, तर भांडण! "विहीणबाई," मला म्हणायचे, "पाढा चुकला तं कुणाचं डोकं फुटत न्हाई. भांडण चुकलं का फुटतं. मंग शाळेत आधी काय शिकवावं, तुमीच सांगा." मी आपला चहा पुढं करायची.

या शिकवण्याला पोरांनी नाव ठेवलं होतं उलटी वकिली. दोन लेकरं भांडली की त्यांना वर्गापुढं उभं करायचं, पण कुणीही स्वतःची बाजू मांडायची नाही. समोरच्याची मांडायची, तीही 'मी' म्हणून, जणू आपणच तो. समोरचा "बराबर" म्हणेपर्यंत सुटका नाही. एकदा मी लेकीकडं गेले असता शाळेत डोकावले, तर नळावर ढकलाढकली केलेलं एक पोरगं हुंदके देत सांगत होतं, "मी तांड्यावरून चालत येतो, मला जास्ती तहान लागती, आन हा गावातला मला ढकलतो." मला वाटलं, मार खाल्लेलं लेकरू असेल. चौकशी केली तर ढकलणारा हाच! आणि ज्याला ढकललं होतं तो याचे डोळे पुसत "बराबर, बराबर, आता गप्प" म्हणत होता. त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही.

बरं, गावापुरतं शिकवून भागावं की नाही? शाळेच्या भिंतीवर व्याह्यांनी स्वतःच्या हातानं जगाचा नकाशा रंगवला, ज्यात हिंगोली जिल्हा श्रीलंकेपेक्षा मोठा आलाय. मग चिठ्ठ्या टाकून दर लेकराला एकेक देश. वर्षभर त्या देशाची काळजी त्या लेकरानं वाहायची. तिथली माणसं काय खातात, कशाला भितात, कशावर हसतात ते शोधून आणायचं. आइसलँड मिळालेलं पोरगं भर चैत्रात घोंगडं पांघरून येऊन बसलं. तांड्यावरच्या एका मुलीला जपान मिळालं, तर तिचा बाप दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. "गुरुजी, पोरगी मला पाहून सारखी वाकून राहिली. कंबर धरली का काय तिची?" आणि टीव्हीवर दोन देशांचं युद्ध लागलं की त्या दोन देशांच्या लेकरांनी युद्ध थांबेपर्यंत एका डब्यात जेवायचं. एका जोडीचं युद्ध काही थांबेना. ती दोघं आता हायस्कुलात गेलीत, तरी डबा एकच आहे म्हणतात. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं? व्याही म्हणाले, "साहेब, असं करू, मी तुमची बाजू मांडतो, तुमी माझी मांडा." साहेबांनी चहासुद्धा अर्धा ठेवला आणि जीप गाठली.

लग्नाच्या बैठकीत तर या माणसानं कहर केला. देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलणं निघालं तसे व्याही आमच्या ह्यांना म्हणाले, "तुमी मुलाकडून बोला, मी मुलीचा बाप होतो." आमचे हे म्हणजे आधीच हौशी! मुलाच्या मामाला फेटा हवा, आत्याला इरकल हवं, जेवणात बुंदी चालणार नाही, जिलबीच हवी, असं काही तावातावानं मागत सुटले की मुलाकडच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एवढं मागता येतं हे त्यांना आजच कळत होतं. मी मागून कोपर मारून मारून थकले. तेवढ्यात व्याही बोलले, "माझी एकुलती एक लेक चालली. महिना झाला मला झोप न्हाई. आन तुमी मला जिलबी मागून राहिले?" त्यांचे डोळे भरले होते. आमचे हे बघत राहिले आणि घळाघळा रडायला लागले, कारण गेला महिना ते खरंच झोपले नव्हते. लग्न ठरलं. जेवणात बुंदी होती.

पण त्या लग्नात एक पाट रिकामा राहिला, आणि तो मला पुढं कैक वर्षं खुपत राहिला. व्याह्यांचे सख्खे थोरले भाऊ, मधे एक भिंत टाकून शेजारी राहणारे, लग्नाला आले नाहीत. भावकीत अक्षता स्वतः जाऊन द्यायच्या असतात. व्याह्यांनी त्या दुसऱ्याच्या हाती पाठवल्या. का, तर सामाईक बांधावरची बाभळ व्याह्यांनी तोडली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद! थोरल्यांचा नातू व्याह्यांच्याच वर्गात शिके. हे त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवत, पण शाळा सुटली की दोघं दोन दारांनी घरात शिरत. मी एकदा तोंडावर म्हणाले, "जपानचं कोडं सोडवता, मग भिंतीपलीकडचं काहून राहिलं?" तर व्याही उठून गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. तेव्हा फार राग आला मला त्यांचा.

पुढं व्याही रिटायर झाले. निरोपाला सारं गाव जमलं, तांडा जमला, आम्हीही गेलो. नातवाचे पालक म्हणून थोरलेही आले होते, पार मागं, भिंतीवरल्या ऑस्ट्रेलियाखाली बसले होते. शाल-नारळ झालं, आणि पोरांनी गिल्ला केला, शेवटची उलटी वकिली पाहिजे म्हणून. "कुणाचं भांडण घ्यायचं?" व्याह्यांनी हसत विचारलं. सगळा वर्ग मागं वळून थोरल्यांकडं बघायला लागला.

व्याह्यांचं हसू गेलं. नारळ खाली ठेवून ते थोरल्यांकडं वळले. मग म्हणाले, "मी थोरला. बाप गेला तवा मी सातवीत होतो. वर्गात पयला यायचो. शाळा सोडली, औत धरलं, धाकट्याला शिकवलं. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली भाकर खायाची आन धाकट्याची वरच्या वर्गाची जुनी पुस्तकं वाचायची, येवढीच माझी शाळा. धाकटा गुरुजी झाला. एक दिवस म्हणाला, सोयाबीनवर सावली पडती. तोडली. मला इचारलं बी न्हाई."

आता थोरल्यांनी "बराबर" म्हणायचं होतं. ते उठले, धोतर झटकलं. "बराबर," म्हणाले. "पर एक इसरला तू. ती पुस्तकं मला कळत न्हवती. सांच्याला तू सांगशील म्हणून वाचत व्हतो."

मला तिथं बसवेना. पदर तोंडाला लावून मी बाहेर आले, तर आमचे हे आधीच बाहेर येऊन रडत होते.

परवा गेले होते तर व्याही घरात नव्हते. भिंतीपलीकडच्या ओट्यावर दोघं भाऊ बसलेले, पुढं सातवीचं जुनं पुस्तक. मला बघून व्याही म्हणाले, "या विहीणबाई. दादाला पोर्तुगाल मिळालाय." थोरल्यांनी मान वर न करता विचारलं, "तिकडं बांध कुणाचा असतो रे?" दोघांनी मिळून बांधावर बाभळीचं रोप लावलंय आणि सकाळी पाणी कुणी घालायचं यावरून रोज वाद घालतात. बाभळीला कधी कुणी पाणी घातलंय का! रोप अजून माझ्या गुडघ्याला लागत नाही. त्याच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायला दोघंही असावेत, एवढं मात्र मी देवाजवळ रोज मागते.