नानांनी परत ठेवलेला उंट

उमरग्यात टायरच्या दुकानामागं, पत्र्याखाली, आमचा बुद्धिबळाचा अड्डा. तिथं डाव कमी संपतात आणि किस्से जास्त उरतात. खेळणारे सगळे सत्तरीचे, विशीतला मी एकटा. आता तिथून सुटलोय, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

*

अड्ड्याचे मुखिया नाना, रिटायर्ड तलाठी. त्यांची ओपनिंग ठरलेली: दोन्ही कडांची प्यादी पुढं. का, तर "आधी बांध, मग पेरणी." तोवर मधलं रान समोरच्यानं पेरून घेतलेलं असायचं. पण नानांना सांगणार कोण?

*

गणिताचे देशमाने सर पुस्तकातली ओपनिंग खेळायचे. पुस्तकाची कड वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं प्रत्येक ओपनिंगच्या सातच चाली शिल्लक. सातव्या चालीपर्यंत सर जगज्जेते. आठव्या चालीला म्हणायचे, "चहा सांगायचा का?"

*

मोठ्यांनी चाल परत घेतलेली चालते, पोरांनी नाही, हा अड्ड्याचा कायदा. मी भांडलो, तर नाना म्हणाले, "माझ्या वयाचा हो, मग घे."

मास्तरांच्या असल्याच उत्तरांना वैतागून मी कॉलेज सोडलं होतं. वडील म्हणाले, "धाराशिवची स्पर्धा झाली की नानांना विचारतो. खेळू द्या म्हणाले तर खेळ. न्हाय म्हणाले तर जूनमध्ये गपगुमान कॉलेज."

आयुष्य माझं, आणि निकाल देणार कडेची प्यादी ढकलणारा माणूस.

*

धाराशिवच्या स्पर्धेत पंच म्हणून एक तरुण मुलगी होती. पहिल्याच फेरीत नानांनी घोडा उचलून परत ठेवला.

"आजोबा, हात लागला की तीच सोंगटी चालवायची."

"कुणाची गं तू? गाव कोणतं?"

"जळकोट."

"मग घरचीच की."

"व्हय. घोडा चालवा."

*

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर नानाच आले. वडील दाराशी उभे. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, नाना गेले बांधावर. दहाव्या चालीला माझा घोडा त्यांच्या वजिरावर टपलेला. नानांनी उंट उचलला, मग त्यांना वजीर दिसला. उंट हळूच जागेवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं, अड्ड्यावर बघतात तसंच.

जून मला समोर दिसत होता. तरी मी हात वर केला.

पंच आली. उंट हलला, वजीर गेला, नानांनी डाव सोडला.

बाहेर वडिलांनी विचारलं, "नाना, काय करू ह्याचं? पाठवू का कॉलेजला?"

नाना चपला घालत होते.

"नगा," म्हणाले. "त्या कॉलेजच्या मास्तरांनी कुणाचं काय वाकडं केलंय?"