वीस कोटी क्विंटलची बैलगाडी

"एका बैलगाडीत वीस कोटी क्विंटल कापूस? काऊन बे इंजिनेर, गाडीले बैल जुंपले होते का रेल्वेचं इंजिन?"

सेलूजवळच्या त्या जिनिंगच्या ऑफिसात शेटजी असे ओरडत होते, की बाहेर कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर लाजून बंद पडली. गाडीचा मालक, केळझरकडचा एक म्हातारा शेतकरी, दारातच उभा होता. त्याला जराही नवल वाटलं नाही. "औंदा पीक बरं हाय," एवढंच तो बोलला.

गडबडीचं मूळ मी नव्हतो, शेटजींचं मशीन होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वजनकाट्यावर एक साधा पीसी होता आणि तो बिचारा सुखात होता. पण शेटजींनी नागपूरच्या लिलावातून कपाटाएवढा जुना परदेशी संगणक ऑफिसासाठी उचलून आणला. कापूस जड लागला की यात पाणी मारलं म्हणून गाडी परत पाठवणारा हा माणूस, पण लोखंड जड लागलं की विरघळायचा. उतरवताना एका हमालाची कंबर धरली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली, माल अस्सल आहे.

मी छाती ठोकून सांगितलं होतं, माझा प्रोग्राम कोणत्याही मशीनवर चालतो. काट्यावर वजनं फ्लॉपीत भरायची, ऑफिसात वाचायची. आज हंगामाची पहिली गाडी आली, काट्यावर बारा क्विंटल भरली, आणि ऑफिसात तिचे वीस कोटी झाले.

"दिवे लागायच्या आत आकडा सुधर," शेटजी म्हणाले. "नाई तर हे डबडं भंगारात अन् तू तुया घरी."

घरी म्हणजे पिपरी मेघेला. तिथे मी दूधवाल्यापासून शेजारच्या वहिनींपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मी जिनिंगच्या संगणक विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच होतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. नोकरी गेली असती तर त्या गल्लीतून तोंड झाकूनच फिरावं लागलं असतं. इकडे वजन अडलं म्हणून गाड्यांची रांग अशी वाढली, की शेवटच्या गाडीचा बैल केळझरच्या देवळाच्या पायरीला अंग घासत होता.

भानगड कळायला मला दुपार झाली. संगणक मोठा आकडा चार तुकडे करून ठेवतो, चार पोती गाडीत ओळीने ठेवावीत तसा. एका जातीचा प्रोसेसर सगळ्यात लहान तुकडा आधी ठेवतो, दुसऱ्या जातीचा सगळ्यात मोठा. काट्यावरचा पहिल्या जातीचा, कपाट दुसऱ्या, म्हणून एकाचं लिहिलेलं दुसरं उलटं वाचत होतं. अख्ख्या वर्ध्यात मी एकच जात पाहिलेली, मला काय स्वप्न पडणार होतं?

मग मी मशीनची जात ओळखणारा तुकडा लिहिला. मेमरीत एक हा आकडा ठेवायचा आणि पहिल्या खणात डोकावायचं. तिथे एक सापडला तर मशीन काट्याच्या जातीचं, शून्य सापडलं तर कपाटाच्या. उलटी जात निघाली की फाइलीतले सगळे आकडे फिरवून वाचायचे. प्रोग्राम नव्याने बांधला, चालवला. गाडी बारा क्विंटलवर आली. मी खुर्चीतून उठलो, तोच शेटजी म्हणाले, "अन् सरकी काऊन कोटीत गेली?"

गेल्या हंगामातल्या सरकीचा साठा हिशेब ठेवणाऱ्या मुनीमजींनी कपाटावरच भरलेला होता. तो मुळात सरळच होता आणि माझ्या प्रोग्रामने तोही फिरवला. मशीनची जात कळून भागत नव्हतं, फाइल कोणत्या मशीनवर जन्मली ते कळायला हवं होतं. आणि फाइलीच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

दिवे लागायला आले. मी दोन्ही फायली उघड्या करून खण न् खण वाचत बसलो, तर दोन्हींच्या सुरुवातीला एकच आकडा, एक; काट्याच्या फाइलीत उलटा, सरकीच्या फाइलीत सरळ.

"मुनीमजी, हे एक कायचं?"

"नारळाचं."

"कोणत्या नारळाचं?"

"शकुनाच्या. काम सुरू करायच्या आधी काट्यावर नारळ ठेवतो ना आपण. एवढ्या मोठ्या काट्याले नारळ काय समजते? म्हून मी आपला एक टाकून देतो. सरकीलेही टाकतो, तिले काऊन उपाशी ठेवायचं?"

मी मुनीमजींच्या पाया पडायचाच बाकी होतो. फाइलीच्या कपाळावर लिहिलेलं होतं की. आधी नारळ वाचायचा. एक दिसला तर पुढचं सगळं सरळ, नारळच कोटीच्या वर गेला तर पुढचं सगळं फिरवायचं. चार ओळी लिहिल्या. गाडी बारा क्विंटल, सरकी जागेवर. म्हातारा शेतकरी मात्र जरा खट्टू होऊन वजनाची पट्टी घेऊन गेला.

मग मी शेटजींसमोर उभा राहून जे भाषण ठोकलं, तसं सेलूच्या चौकात निवडणुकीलाही झालं नसेल. म्हणालो, शेटजी, आता हा प्रोग्राम जर्मनीच्या मशीनवर टाका, जपानच्या टाका, उद्या चंद्रावर जिनिंग काढली तर तिथल्या मशीनवर टाका, आकडा हलणार नाही.

शेटजींनी पंचा खांद्यावर टाकला.

"दुसरं मशीन कोण घेऊन राह्यलं? उद्या नऊले येजो."